आयसीयूतल्या सेप्सिसवर थीसिस: पहिला पेशंट घेण्याआधी काय ठरवायचं आणि पुढे कुठे चुकतं

सेप्सिसवरच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेवरच्या) थीसिसमधला घोळ बहुधा शेवटी उघडकीला येतो. मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या नोंदींचा एकत्र तक्ता) भरून झालेला असतो, आकडेमोड करून देणारे सर विचारतात, "पहिला तास कुठून मोजलाय?" आणि उत्तर सापडत नाही. काही पेशंटचा कॅज्युअल्टीपासून, काहींचा आयसीयूत आल्यापासून, काहींचा केसपेपरवर जी वेळ दिसली तिथून. तोवर निम्मे पेशंट घरी गेलेले असतात, काही गेलेलेच असतात. मागे जाऊन काही दुरुस्त होत नाही.

हा लेख सोलापुरात मेडिसिन, ॲनेस्थेशिया किंवा क्रिटिकल केअर शिकणाऱ्या रेसिडेंटांसाठी आहे. यात फक्त निरीक्षणात्मक अभ्यास धरला आहे. म्हणजे उपचार युनिटच्या पद्धतीनेच चालणार, तुम्ही फक्त नोंदी घेणार. औषधाची चाचणी करायची असेल तर तिचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात बसवा

"सेप्सिसच्या रुग्णांचा क्लिनिकल प्रोफाइल आणि आउटकम" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी लागतात: कोणते पेशंट, कोणती गोष्ट मोजणार, कोणत्या वेळी मोजणार, आणि तिचा संबंध कशाशी लावणार. उदाहरणार्थ: "सेप्टिक शॉक असलेल्या प्रौढ पेशंटमध्ये पहिल्या सहा तासांत लॅक्टेट किती टक्क्यांनी उतरलं, याचा २८ दिवसांतल्या मृत्यूशी संबंध आहे का?" (लॅक्टेट म्हणजे ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ.) असं वाक्य लिहिलं की प्रोफॉर्मात (प्रत्येक पेशंटच्या नोंदीच्या फॉर्ममध्ये) कोणते रकाने हवेत आणि कोणते नकोत, ते आपोआप ठरतं.

प्रश्न ठरवताना गोल गोल फिरू नका. सेप्टिक शॉकच्या व्याख्येतच लॅक्टेट आहे. म्हणून "शॉकच्या पेशंटमध्ये लॅक्टेट जास्त आढळलं" हा निष्कर्षच होऊ शकत नाही. ते तुम्ही निवडीतच घालून ठेवलं होतं. सोफा स्कोअरने (अवयवांच्या बिघाडाला दिलेल्या गुणांनी) सेप्सिस ठरवायचा आणि मग "सेप्सिसमध्ये सोफा वाढलेला दिसला" असं लिहायचं, हीही तीच गत. परीक्षक हे पहिल्या पाच मिनिटांत पकडतात.

तपासा: तुमचं उत्तर "नाही" असंही येऊ शकतं का? येऊ शकत नसेल तर प्रश्न बदला.

## टप्पा २: सेप्सिस कुणाला म्हणणार, ते लिहून काढा

आज वापरायची व्याख्या २०१६ ची, म्हणजे सेप्सिस-३: संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयवांचं काम जिवावर बेतेल इतकं ढासळणं. मोजमापाच्या भाषेत, संसर्गाचा पुरावा किंवा रास्त संशय, आणि सोफा स्कोअरमध्ये २ किंवा जास्त गुणांची वाढ. सेप्टिक शॉक म्हणजे पुरेसा फ्लुइड देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर राखायला व्हॅसोप्रेसर (रक्तदाब चढवणारं औषध) लागतं आणि लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर राहतं. या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

जुन्या थीसिसांतून सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) उतरवताना ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी हे जुने सर्स निकष तसेच येतात आणि शेजारी सोफाही बसतो. दोन व्याख्यांची खिचडी झाली की तुमचे पेशंट कुणाच्याच पेशंटशी जुळत नाहीत. क्यूसोफाचंही (सोफाच्या झटपट, छोट्या रूपाचंही) तेच. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शक सूचनांनी एकट्या क्यूसोफावर स्क्रीनिंग करू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. सोफाची कोणती आवृत्ती वापरली, तेही नावानिशी लिहा.

आता त्या "वाढ" शब्दाकडे या, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. समजा मंगळवेढ्याहून ५८ वर्षांच्या बाई आल्या आहेत. लघवीचा संसर्ग आहे, क्रिएटिनिन २.६, थोड्या गुंगीत, जीसीएस (शुद्धीचे १५ पैकी गुण) १४. क्रिएटिनिनचे २, जीसीएसचा १, एकूण सोफा ३. लगेच सेप्सिस म्हणून नाव लिहिलं जातं. पण पिशवीत सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट आहे, त्यात क्रिएटिनिन २.२. म्हणजे किडनीचे २ गुण आधीपासूनच होते, वाढ फक्त १ ची. व्याख्येनुसार या बाई आत्ता तुमच्या अभ्यासात येत नाहीत. उपचार त्यांना पूर्ण मिळतीलच, तो प्रश्न वेगळा. म्हणून जुने कागद मागा. नातेवाइकांच्या पिशवीत, मोबाइलमधल्या फोटोंत, गावातल्या लॅबमध्ये काहीतरी सापडतंच. काहीच नसेल आणि जुनाट आजाराची माहितीही नसेल, तर मूळ सोफा शून्य धरायचा.

सोफाचे गुण देताना हे आधी ठरवून घ्या:

- जीसीएस: गुंगीचं औषध चालू असेल तर औषध देण्याआधीचा जीसीएस धरा. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. इंडी, आळंद, अफझलपूरकडून आलेल्या कन्नड बोलणाऱ्या आजींना मराठीत तारीख-वार विचारला तर त्या गोंधळतात आणि बोलण्याचा एक गुण उगाच जातो. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांचंही तसंच. त्यांच्याच भाषेत विचारणारी सिस्टर किंवा नातेवाईक जवळ घ्या, मगच आकडा लिहा.
- श्वसन: एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) नसेल तर ऑक्सिमीटरवरच्या टक्क्याला दिलेल्या ऑक्सिजनच्या अंशाने भागून काम भागतं. ते गुणोत्तर ३१५ आलं तर साधारण पीएफ (हेच गुणोत्तर एबीजीवरून काढलेलं) ३००, आणि २३५ आलं तर पीएफ २०० समजतात. मात्र ऑक्सिमीटर ९७ च्या वर दाखवत असेल तर हा आकडा भरवशाचा नाही.
- बिलिरुबिन: अनेकदा पाठवलेलंच नसतं. रिकाम्या रकान्याला "नॉर्मल" धरणार असाल तर तसं सिनॉप्सिसमध्येच लिहा. त्यापेक्षा पहिल्या दिवशी लिव्हर प्रोफाइल जाईल अशी व्यवस्था युनिटशी बोलून करून घ्या.
- दिवसाचा आकडा: २४ तासांतला सर्वांत वाईट. सकाळच्या राउंडला जो दिसला तो नव्हे.

थांबा, सोलापूरच्या पेशंटमध्ये हे हमखास फसवतं: एप्रिल-मे महिन्यांत उष्माघाताचा पेशंट ताप, बदललेली शुद्ध, वाढलेलं क्रिएटिनिन आणि घसरलेले प्लेटलेट घेऊन येतो. संसर्गाचा पुरावा शोधल्याशिवाय त्याला आत घेऊ नका. कीटकनाशक पोटात गेलेल्याचा जीसीएस विषामुळे पडलेला असतो, साप चावलेल्याचं रक्त विषामुळे बिघडलेलं असतं. पावसाळ्यात डेंग्यू. प्लेटलेट ४० हजार असतील तर त्या एकट्यानेच ३ गुण मिळतात. सेप्सिस विषाणू, परजीवी किंवा जिवाणू कशामुळेही होतो, त्यामुळे डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस, लेप्टो हे व्याख्येबाहेरचे नाहीत. पण आत घेणार की वगळणार, ते आज ठरवा. निकाल बघून ठरवलं तर तो अभ्यास राहत नाही.

## टप्पा ३: शून्य वेळ

एक पेशंट घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री ८.१५ ला सेफ्ट्रिॲक्सोन दिलं, ८.३० ला रेफर चिठ्ठी लिहिली. ११.४० ला कॅज्युअल्टी, रक्तदाब ८४/५०. १२.३० ला दुसरं अँटिबायोटिक. पहाटे ४.१५ ला आयसीयूत बेड मिळाला, ४.४० ला लॅक्टेट.

या पेशंटला अँटिबायोटिक किती वेळात मिळालं? चिठ्ठीपासून मोजलं तर चार तास. कॅज्युअल्टीपासून ५० मिनिटं. आयसीयूपासून मोजलं तर पोहोचण्याच्या पावणेचार तास आधीच. आणि सेफ्ट्रिॲक्सोन मोजलं तर चिठ्ठी लिहिण्याआधीच. पेशंट एकच, उत्तरं चार. आणि ४.४० चं लॅक्टेट हे "दाखल होतानाचं" लॅक्टेट नव्हेच. मधल्या पाच तासांत त्यांना फ्लुइड मिळालंय.

माझं मत असं की जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात काम करताना शून्य वेळ कॅज्युअल्टीच्या पहिल्या व्हायटलची धरावी, निदान त्या वेळी निकष पूर्ण होत असतील तर. ती वेळ कागदावर सापडते, आणि तिथून पुढचं आपल्या हातात असतं. निकष नंतर पूर्ण झाले तर ज्या तपासणीत ते पहिल्यांदा पूर्ण झाले, तिची वेळ. रिपोर्ट हातात आला ती नव्हे, नमुना घेतला ती. मृत्यूचा हिशेब आयसीयूत आल्यापासून करायचा असेल तर तसाही करा, पण मग तो वेगळा रकाना.

आयसीयूत इतर कारणाने दाखल होऊन नंतर सेप्सिस झालेले पेशंट वेगळा गट आहे. भरतीनंतर ४८ तासांनी सुरू झालेला संसर्ग रुग्णालयातला मानतात. त्याचे जंतू वेगळे, त्यांचा औषधांना दाद न देण्याचा प्रकारही वेगळा. दोन्ही गट एकत्र मिसळून टक्केवारी काढली की ती कुणाच्याच उपयोगाची राहत नाही.

बाहेर दिलेल्या अँटिबायोटिकसाठी प्रोफॉर्मात स्वतंत्र ओळ हवी: कोणतं, कधी, किती डोस. रेफर चिठ्ठीचा फोटो पेशंट येताच काढा. चिठ्ठी सकाळपर्यंत हरवते.

तपासा: मध्यरात्रीनंतर तारीख बदललेली लिहिली आहे का? रात्री १२.३० ची नोंद आदल्या तारखेला गेली की एक्सेल उणे तास दाखवतं, किंवा २४ तास जास्त.

## टप्पा ४: किती पेशंट लागतील

सोपं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: ४ गुणिले टक्केवारी गुणिले उरलेली टक्केवारी, भागिले त्रुटीचा वर्ग. आधीच्या अभ्यासातला मृत्युदर ४० टक्के धरला आणि त्रुटी १० अंकांची, तर ९६ पेशंट. त्रुटी ५ अंकांची घेतली तर ३८४. "२० टक्के त्रुटी" म्हणजे ४० च्या २० टक्के, ८ अंक, तर १५०. सिनॉप्सिसमध्ये नुसतं "त्रुटी २० टक्के" लिहून ९६ चा आकडा टाकलेला असतो. गणित तिथेच चुकलेलं.

शिवाय हे सूत्र फक्त टक्केवारी काढायला चालतं. दोन गटांची तुलना किंवा एखाद्या चाचणीची भाकीत करण्याची क्षमता तपासायची असेल तर सूत्र वेगळं. त्यासाठी संख्याशास्त्राच्या विभागात सिनॉप्सिसच्या आधी जा, नंतर नको. जाताना टप्पा १ मधलं वाक्य कागदावर घेऊन जा.

## टप्पा ५: एथिक्स, नोंदणी आणि संमती

आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचून काढा. एथिक्स कमिटीचं पत्र हातात येण्याआधीची एकही नोंद अभ्यासात घेता येत नाही. सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीवर) नोंदणी मोफत आहे आणि निरीक्षणात्मक अभ्यासाचीही करता येते. ती पहिल्या पेशंटच्या आधी करायची. "नंतर करू" म्हणून ठेवलेली नोंदणी राहून जाते आणि पुढे जर्नल परत पाठवतं.

आयसीयूतला पेशंट स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची घ्यायची. पेशंट शुद्धीवर आला, बोलू लागला, की त्याला सगळं समजावून त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यायची. हा दुसरा भाग सर्रास राहतो. प्रतिनिधीला वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत निष्पक्ष साक्षीदाराची सही हवी. अभ्यासातला रेसिडेंट किंवा ड्युटीवरची सिस्टर हा निष्पक्ष साक्षीदार नव्हे.

फॉर्म मराठी, हिंदी, कन्नड आणि तेलुगू असे चारही लागतील. चारही भाषांतले फॉर्म कमिटीकडून मंजूर करून घ्या. नाहीतर कन्नड बोलणाऱ्या मुलाची मराठी फॉर्मवर सही घेतली जाते, आणि ती संमती नसते.

वेळेचं भान ठेवा. व्हेंटिलेटर लावला जात असताना दाराशी उभ्या असलेल्या मुलापुढे फॉर्म धरू नका. आधी पेशंटचं काय चाललंय ते सांगा. त्याला बसू द्या. निरीक्षणात्मक अभ्यासात सहीला थोडा उशीर चालेल अशी तरतूद कमिटीकडून लेखी मागून घेता येते. "सही नाही केली तरी उपचारात काहीही फरक पडणार नाही" हे वाक्य फॉर्ममध्ये आहेच, पण ते तोंडाने म्हणा, आणि त्याच्याकडे बघून म्हणा.

तपासा: २८ व्या दिवशी फोन करणार, हे फॉर्ममध्ये लिहिलंय का?

## टप्पा ६: प्रोफॉर्मा आणि रंगीत तालीम

प्रोफॉर्मा दोन पानांत बसवा. आठ पानी प्रोफॉर्मा रात्री तीन वाजता कुणी भरत नाही. टप्पा १ च्या प्रश्नाला न लागणारा प्रत्येक रकाना काढून टाका. मग चार-पाच पेशंटवर वापरून पाहा, हे पेशंट अभ्यासात धरू नका. त्याच फाइलवरून सहकाऱ्याला स्वतंत्रपणे सोफा काढायला लावा. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दोष बहुतेक वेळा तुमच्या सूचनांत असतो. त्या दुरुस्त करून पुन्हा पाहा.

## टप्पा ७: रोजची नोंद

दोन वह्या हव्यात. पहिलीत आयसीयूत आलेला आणि संसर्गाचा संशय असलेला प्रत्येक पेशंट, घेतला की नाही आणि नाही तर का. ही वही नसेल तर शेवटी फ्लोचार्ट काढता येत नाही, आणि तुम्ही सोयीचेच पेशंट घेतले असं कुणी म्हटलं तर उत्तर देता येत नाही. रात्रीचे आणि रविवारचे पेशंट सुटतात, नेमके तेच जास्त आजारी असतात. आषाढीच्या सुमारास पंढरपूरकडे ड्युट्या लागतात, तेव्हा नोंद कोण घेणार ते आधीच वाटून घ्या.

दुसऱ्या वहीत नाव आणि अभ्यासाचा कोड, एवढंच. ती कुलपात राहील. मास्टर चार्टमध्ये फक्त कोड. पेशंटचं नाव दिसणारा केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, "फक्त आपल्या युनिटचा ग्रुप आहे" म्हणूनही नको.

## टप्पा ८: नमुने

ब्लड कल्चर. अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगवेगळ्या जागांवरून, प्रत्येकी दोन बाटल्या, प्रौढांमध्ये प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. सगळ्यात मोठी चूक रक्त कमी घेण्याची आहे. ३ मिलीमध्ये जंतू सापडला नाही तर "कल्चर निगेटिव्ह" लिहिलं जातं आणि तोच आकडा थीसिसमध्ये छापला जातो. जागा क्लोरहेक्सिडिनने पुसून सुकू द्या, बाटलीचं रबरही पुसा. सेंट्रल लाइनमधून सोयीसाठी काढू नका. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, लगेच लॅबला पाठवा. रात्री वॉर्डातल्या मामांकडे (वॉर्डबॉयकडे) दिलेली बाटली सकाळपर्यंत काउंटरवर पडून राहिली तर तिचा रिपोर्ट कसा वाचायचा, हा प्रश्नच आहे. म्हणून नमुना घेतल्याची आणि लॅबमध्ये पोहोचल्याची, दोन्ही वेळा लिहा. मात्र कल्चरसाठी पेशंटचं अँटिबायोटिक थांबवून ठेवू नका. शॉक असेल तर ते एका तासाच्या आत जायला हवं, अभ्यास असो वा नसो.

चारपैकी एकाच बाटलीत कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ आला तर तो बहुधा कातडीवरचा. दूषित नमुन्याचा निकष आधीच लिहून ठेवा आणि मायक्रोबायोलॉजीच्या सरांकडून तपासून घ्या.

लॅक्टेट. सिरिंज लगेच मशीनवर लावा, १५ मिनिटांच्या आत. तेवढ्यात जमणार नसेल तर बर्फात. नुसती ठेवली की रक्तपेशी स्वतःच लॅक्टेट तयार करत राहतात आणि आकडा खोटा चढतो. झटके, लिव्हरचा आजार, मेटफॉर्मिन, ॲड्रेनालिनचं इन्फ्युजन, यांनीही लॅक्टेट वाढतं. त्यांच्यासाठी हो-नाहीचे चार चौकोन पुरेत.

प्रोकॅल्सिटोनिन. जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारा घटक. तपासणी महाग आहे. केवळ तुमच्या थीसिससाठी पाठवणार असाल तर त्याचा पैसा पेशंटच्या नातेवाइकांकडून घ्यायचा नाही. निधी कुठून येणार ते एथिक्सच्या अर्जातच लिहा. मोठी शस्त्रक्रिया, भाजणं आणि जबर मार लागल्यावरही ते वाढतं, हे वाचताना लक्षात ठेवा.

## टप्पा ९: डामा आणि २८ वा दिवस

"डामा" म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नसताना घरी नेलेला पेशंट. आपल्याकडे सेप्सिसच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा खड्डा हाच. आशा संपली, पैसे संपले, किंवा शेवटचा श्वास घरी जावा असं वाटलं, की घरचे पेशंटला घेऊन जातात. फाइलवर "डामा" एवढंच. मग चार्टमध्ये तो "डिस्चार्ज" होतो, आणि मृत्युदर खोटाच कमी दिसतो. व्हेंटिलेटरवरून काढून नेलेला माणूस बरा झालेल्यांत मोजला जातो. असं होऊ देऊ नका.

उपाय फोन हाच. भरतीच्या दिवशीच दोन नंबर घ्या, एक घरातला आणि एक गावातल्या स्थिर माणसाचा: दुकानदार, शेजारी, आशाताई. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हंगामात नंबर बदलतो, म्हणून दुसरा नंबर महत्त्वाचा. २८ वा दिवस शून्य दिवसापासून मोजून कॅलेंडरवर टाका.

फोनवर "पेशंट जिवंत आहे का" असं विचारायचं नाही. स्वतःचं नाव सांगा, आयसीयूतून बोलतोय म्हणा, आणि "काकांची तब्येत आता कशी आहे, विचारायला फोन केला" एवढंच. गेले असतील तर ते स्वतःच सांगतात. तेव्हा थांबा, ऐका, आणि फक्त तारीख विचारा. प्रोफॉर्मातले राहिलेले रकाने त्या फोनवर भरायचे नसतात.

मृत्युदर दोन पद्धतींनी द्या: संपर्क न झालेले सगळे गेले असं धरून, आणि त्यांना वगळून. दोन्हींत निष्कर्ष तोच राहिला तर तो टिकाऊ. बदलला तर तसं स्पष्ट लिहा.

## टप्पा १०: मास्टर चार्ट आणि विश्लेषण

एक ओळ एक पेशंट. एका रकान्यात एकच गोष्ट, "११० / ९२" असं नाही. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. माहिती नसेल तर त्यासाठी ठरवलेली एकच खूण सगळीकडे. मूळ फाइल कुलूपबंद ठेवून प्रतीवर काम करा.

९६ पेशंटांत ३८ मृत्यू झाले असतील तर लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांचा मृत्यूशी संबंध एकत्र तपासण्याच्या पद्धतीत) तीन, फार तर चार घटक टाका. दर घटकामागे निदान दहा मृत्यू, हा ढोबळ नियम. बारा घटक कोंबले की काहीतरी "सिग्निफिकंट" निघतंच, आणि ते पुढच्या शंभर पेशंटांत दिसत नाही. आरओसीवरून (चाचणी किती अचूक ओळखते ते दाखवणाऱ्या आलेखावरून) काढलेला कट-ऑफ त्याच पेशंटांवर तपासून "संवेदनशीलता ९० टक्के" असं लिहू नका. हा कट-ऑफ दुसऱ्या पेशंटांवर तपासायचा राहिला आहे, असं लिहा.

सहा तासांचं लॅक्टेट हवं असेल तर पहिल्या सहा तासांत गेलेले पेशंट त्या गणनेत येऊच शकत नाहीत. ते किती होते हे सांगा आणि उरलेल्यांचा हिशेब सहाव्या तासापासून सुरू करा. ते गुपचूप गळले तर तुमचे पेशंट खऱ्यापेक्षा बरे दिसतात.

लिहिताना स्ट्रोबची (निरीक्षणात्मक अभ्यास कसा मांडावा याची) २२ मुद्द्यांची यादी समोर ठेवा. मर्यादांच्या परिच्छेदात "एकाच केंद्राचा अभ्यास, नमुना लहान" एवढ्यावर भागवू नका. किती पेशंटांना बाहेर अँटिबायोटिक मिळालं होतं, कितींचा मूळ सोफा माहीत नव्हता, कितींशी २८ व्या दिवशी संपर्क झाला नाही, हे तीन आकडे द्या. तिन्ही तुमच्या नोंदींत असतील, टप्पा ३, २ आणि ९ नीट केले असतील तर.